तीन हजार प्रीसेट

मधू म्हणाली, “आजी, ह्याच्यात तीन हजार प्रीसेट आहेत,” आणि मला तिची दया आली.

आम्ही कारखान्यात करायचो त्या सुराच्या पेटीत सात असायचे. ते सात लावता लावता मान अवघडून जायची. तीन हजार लावायचे म्हणजे या पोरीचं सगळं तरुणपण त्यातच जाणार.

“एवढे फिरवणार कोण?” मी विचारलं.

“फिरवायचे कशाला?”

“मग लागणार कसे?”

“लागलेलेच असतात गं. रेडीमेड आवाज.”

मला काही कळेना. प्रीसेट आणि रेडीमेड? माझ्या लेखी प्रीसेट म्हणजे हरभऱ्याएवढा, मधे खाच असलेला, बोर्डावर बसवलेला भाग. बारीक स्क्रूड्रायव्हरने तो फिरवला की सूर चढतो किंवा उतरतो. तो कारखान्यातून येतो तेव्हा कुठेही असतो. त्याला जागेवर आणणं हेच तर काम.

“आणि मग त्यांना नेलपॉलिश कोणी लावलं?” मी विचारलं.

मधू लॅपटॉपवरून मान वर करून माझ्याकडे बघत राहिली. आजीचं डोकं फिरलं की काय, असं तिच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं.

मधू म्हणजे मधुवंती, माझी नात. तिचे आईबाबा नाशिकला. ती कामासाठी माझ्याकडे मरोळला राहते, मागच्या खोलीत. संगीत करते, पण घरात वाद्य एकही नाही. एक लॅपटॉप, एक छोटी पट्टी पियानोसारखी, आणि कानावर घालायचे मोठे हेडफोन. जाहिरातींना, मालिकांना मागचं संगीत करून देते. नाव दुसऱ्यांचं लागतं. पहिल्यांदाच तिच्या स्वतःच्या नावावर काम आलं होतं, आणि तेच हातचं जायची वेळ आली होती.

ते काम शर्मिष्ठाताईंचं. त्या मुलुंडला नाच शिकवतात आणि स्वतःचा एक गट चालवतात. लहानपण माहुलला गेलेलं. तिथल्या खाडीवर त्यांनी नाच बसवला होता. त्यात गोष्ट नाही, कोळीण नाही, होडी नाही. पाणी कसं चढतं आणि कसं उतरतं, एवढंच. त्याला मधूने दोनदा संगीत करून दिलं आणि दोन्ही वेळा त्यांनी तेच सांगितलं. “चांगलं आहे गं, पण हे मी कुठेतरी ऐकलंय.” आता शनिवारी शेवटची संधी होती. नाही जमलं तर अंधेरीतल्या कुणा संगीतकाराचं तयार संगीत त्या घेणार होत्या. तसं त्यांनी गोड शब्दांत कळवलंही होतं.

मधूचं म्हणणं, दोष तिच्या जुन्या सिंथेसायझरचा. त्यातले आवाज सगळे वापरतात. म्हणून तिने तीन नवे उतरवून घेतले होते, चाचणीपुरते. त्यातला एक निवडून विकत घ्यायचा.

सिंथेसायझर मला माहीत होता. पूर्वी तो टेबलाएवढा असायचा, वाद्यवृंदात एक माणूस त्याच्यामागे उभा राहायचा. आता ते यंत्रच उरलेलं नाही. त्याचं नुसतं चित्र पडद्यावर येतं आणि ते चित्र वाजतं. मला याचं फार नवल वाटलं. मी पोळ्यांची कणीक झाकून ठेवली आणि खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसले.

“दाखव बघू तिन्ही.”

“तुला कंटाळा येईल.”

“मला कंटाळा आला की मी उठेन. माझे पाय आहेत ना.”

पहिल्याचा पडदा काळाभोर होता. त्यात निळ्या-जांभळ्या लाटा हलत होत्या. एक कळ दाबली की देवळाच्या घुमटात कुणीतरी उसासा टाकावा तसा आवाज येई, दुसरी दाबली की काचेचा पाऊस. तीन हजारवाला तो हाच. मधू बाण दाबत पुढे पुढे जात होती. सोनाराच्या दुकानात मखमलीचे ट्रे एकामागून एक समोर येतात आणि शेवटी आपण काय घ्यायला आलो तेच विसरतो, तसं मला झालं.

“कोणता आवडला?” तिने विचारलं.

“सगळेच चांगले आहेत. तुझा कोणता?”

“म्हणजे?”

“तू केलेला.”

“मी नाही केलेला कुठला. हे कंपनीवाले करून देतात. जर्मनीत वगैरे बसलेले असतात लोक, त्यांचं कामच ते.”

“म्हणजे प्रीसेट त्यांनीच फिरवून ठेवलेत.”

“हो.”

“आणि ते सगळ्यांना तसेच मिळतात.”

मधूने तो पडदा मिटवला आणि दुसरा उघडला, जरा जोरातच.

दुसरा बघून मी हरखले. जुन्या यंत्राचं हुबेहूब चित्र. दोन्ही बाजूंना सागवानी फळ्या, गोल बटणं, कोपऱ्यात थोडी धूळसुद्धा रंगवलेली. चारी कोपऱ्यांना चार स्क्रू.

“हा फिरतो?” मी पडद्यावर बोट ठेवलं.

“आजी, बोट नको लावू. नाही फिरत. तो नुसता दाखवायला आहे.”

“स्क्रू दाखवायला?”

“दिसायला छान दिसतं म्हणून.”

मला हसू आवरेना. आमच्या कारखान्यात स्क्रू सांडले की सुपरवायझर चंद्रप्रकाश सगळ्यांना खाली बसून वेचायला लावायचे, आणि इथे हे लोक नसलेले स्क्रू रंगवत बसलेत.

तेव्हा मग मधूने विचारलं, “तुझा कारखाना नक्की काय करायचा गं? बाबा म्हणतो रेडिओ.”

“तुझ्या बाबाला काय माहीत. तो तेव्हा पाळणाघरात होता. आम्ही विजेवरची सुरपेटी करायचो.”

मरोळच्या औद्योगिक वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर आमची जागा होती. आता तिथे काचेची इमारत आहे. गायकाला मागे सतत सूर लागतो, तो देणारी छोटी पेटी. लाकडी तंबोरा घेऊन फिरायला नको. बोर्डावर भाग जोडायला बारा-पंधरा बायका आणि सूर लावायला दोघी, मी आणि मालन. टेबलावर मधोमध एक मुख्य पेटी असायची. तिचा सूर कायम चालू. नवी पेटी शेजारी ठेवायची आणि प्रीसेट फिरवत फिरवत तिचा सूर मुख्य पेटीच्या सुराला आणून भिडवायचा. भिडला की प्रीसेटवर लाल नेलपॉलिशचा ठिपका द्यायचा. तो वाळला की प्रीसेट हलत नाही. प्रवासात पेटी कितीही हादरो.

“खरं नेलपॉलिश?”

“खरं म्हणजे? बाजारातलं. कंपनीच आणून द्यायची, खोक्याने. ब्रश जास्त भरला की मालन तो डाव्या करंगळीच्या नखाला पुसायची. एकच नख लाल. बसस्टॉपवर बायका तिला विचारायच्या, ही काय नवी फॅशन.”

मधूला ते फार आवडलं. मग म्हणाली, “तिसरा राहू दे. बोअर आहे.”

“तिन्ही म्हणालीस ना?”

तिसरा उघडला तो अगदी सरकारी दिसत होता. करडा पडदा, करड्या चौकटी, बारीक अक्षरं. एका चौकटीतून तार ओढून दुसरीला जोडायची. मधूने कळ दाबली. काहीच वाजलं नाही.

“बिघडलाय?”

“नाही. ह्यात काही नसतंच. सगळं आपण जोडायचं. त्यात हा चाचणीवाला सेव्हसुद्धा करू देत नाही. बंद केला की गेलं सगळं. कोण बसणार ह्याच्यासमोर.”

चौकटीवर लिहिलेलं मी जवळ जाऊन वाचलं. ऑसिलेटर. पेटीत मूळ सूर निघतो तो यातून. हा शब्द मी कितीतरी वर्षांनी पाहत होते. माहेरचं कुणी रस्त्यात भेटावं तसं झालं.

“हा ऑसिलेटर घे,” मी म्हटलं. “आणि शेजारी आणखी एक घे.”

तिने माझ्या समाधानासाठी घेतला. तार ओढली. डास कानाशी यावा तसा एकच सपाट सूर निघाला. काहीही छान नाही त्यात. दुसरा जोडला, तोही तसाच. मग तिने दुसऱ्याचं बटण जरा फिरवलं आणि दोन्ही सूर मिळून हलायला लागले. व्हँव, व्हँव, व्हँव.

“पाळणा,” मी म्हटलं.

“काय?”

“हे जे हलतंय ना, ह्याला आम्ही पाळणा म्हणायचो. दोन सूर जवळ आले की हलतात. लांब असले की भराभर, जवळ आले की हळू. एकदम भिडले की पाळणा थांबतो. थांबला की ठिपका द्यायचा.”

“ह्याला बीटिंग म्हणतात, आजी.”

“इंग्रजीत म्हणत असतील. मालनचा शब्द आहे तो.”

तिला खरं वाटेना, तेव्हा मी फोन लावला. मालन आता घाटकोपरला मुलाकडे असते. गिरणी कामगाराची मुलगी, माहेर मालवण. मराठी आमच्यासारखं बोलते, पण फोनवर माझा आवाज ऐकला की हटकून मालवणीत शिरते.

“काय गो, जिवंत आसस?” मालन म्हणाली.

“आहे. मला सांग, सूर हलायचा त्याला आपण काय म्हणायचो?”

“पाळणो.” एक क्षणही थांबली नाही ती. “कित्याक? परत नोकरी लागली तुका?”

“मधूला सांगत होते.”

“तिका सांग, पाळणो हललो काय पेटी रिजेक. तुझ्या आजयेच्यो लई पेट्यो परत इल्यो.”

“तुझ्यापेक्षा कमी.”

“तू मोजीत नाय होतंस, मी मोजीत होतंय.” आणि खो खो हसत तिने फोन ठेवला.

आम्ही परत पडद्याकडे वळलो. मी मधूला म्हटलं, आता फिरव, सावकाश. तिने बटण हळूहळू फिरवायला सुरुवात केली. पाळणा मंदावला. मग आणखी मंदावला. एक झोका गेला की पुढचा येतो की नाही, असं वाटावं इतका. तिथे तिचा हात थांबला.

“अजून हलतोय,” मी म्हटलं.

“हो.”

“थोडंसंच राहिलंय. पुढे घे.”

“नको. मला हलताच हवाय.”

“मधू, हा सूर लागलेला नाही. हे रिजेक्ट होईल.”

“दोनदा झालंच आहे की.”

माझ्या कानाला मात्र ते सहन होत नव्हतं. शेजारी कुणी अर्धवट दार उघडं टाकून जावं आणि आपल्याला उठून ते लावावंसं वाटावं, तसं.

मग तिलाच कुतूहल वाटलं. तिने तोच पाळणा बाकी दोघांत करून पाहिला. मला वाटलं होतं, गणित तेच आहे तर आवाजही तोच येईल. तसं झालं नाही. पहिल्यात पाळणा इतका अचूक हलत होता की दोन मिनिटांत त्याचा वीट आला. घड्याळाचा लंबक नुसता. दुसऱ्यात मात्र तो मधेच किंचित रेंगाळायचा, मधेच पुढे सरायचा.

“हा गरम झालाय,” मी म्हटलं.

“लॅपटॉप?”

“नाही, हा. उन्हाळ्यात आमच्या पेट्या असंच करायच्या. सकाळी लावलेली दुपारी उतरायची. आम्ही टेबलाला पंखा लावायचो.”

मधूने पडद्यावर शोधलं आणि एक बारीक बटण दाखवलं. त्यावर ‘ड्रिफ्ट’ लिहिलं होतं. तिने मला समजावलं. जुनी यंत्रं तापून सुरावरून ढळायची, तो ढळ यात मुद्दाम घातलेला आहे. कमी-जास्तही करता येतो.

“म्हणजे कुणीतरी बसून हा दोष लिहून काढला?”

“हो. आणि लोक त्यासाठीच हा घेतात.”

जो घालवण्यासाठी आम्ही पंखे लावले, त्याचं आता बटण झालं होतं. वाईट वाटलं म्हणाल तर तसं नाही. हा कोण माणूस असेल, त्याने कुठली जुनी पेटी ऐकली असेल, किती वेळ कान लावून बसला असेल, याचाच मी विचार करत होते. त्याला मालनशी बोलता आलं असतं तर दोघांचं जमलं असतं.

“मग कोणता घेणार?” मी विचारलं.

“माहीत नाही. पहिल्यात शनिवारपर्यंत काम नक्की पूर्ण होईल. दुसरा गोड आहे. तिसऱ्याची भीती वाटते.”

शेवटी तिने पहिल्यावरच संगीत पूर्ण केलं. तिसऱ्यात ती अधूनमधून काहीतरी जोडत बसायची, मला हाक मारायची, पाळणा ऐकवायची, आणि बंद करून टाकायची. दर वेळी पहिल्यापासून.

शनिवारी सकाळी म्हणाली, “आजी, चलतेस? एकटीला नको वाटतंय.”

रिक्षाने पवईवरून मुलुंडला गेलो. एका शाळेच्या वरच्या मजल्यावर सभागृह होतं. शर्मिष्ठाताई पन्नाशीच्या, उंच, केस अगदी बारीक कापलेले. त्यांनी मला वाकून नमस्कार केला आणि खुर्ची दिली. सहा मुली आणि दोन मुलगे जमिनीवर पाय ताणत बसले होते.

मधूने संगीत लावलं. सुंदर होतं. खोल, चकचकीत, मधे पाण्याचे बुडबुडे. नाचणारे उठले, वळले, हात उचलले. शर्मिष्ठाताई भिंतीला टेकून ऐकत होत्या. थोड्या वेळाने त्यांनी हात वर केला आणि सगळे थांबले.

“मधुवंती, मेहनत दिसते गं,” त्या म्हणाल्या.

पुढचं त्यांनी म्हणायच्या आधीच मधूने मान खाली घातली होती. मी पदराचं टोक घट्ट धरून बसले.

“मला माहितीये,” मधू म्हणाली. “कुठेतरी ऐकलंय.”

“हो ना. वाईट नको वाटून घेऊस. मग मी त्या दुसऱ्यांना—”

“मला पाच मिनिटं द्याल? पण तयार काही नाहीये. इथेच करावं लागेल.”

शर्मिष्ठाताईंनी मुलांकडे बघितलं. एक मुलगी पुटपुटली, “चला, चहा होईपर्यंत.” बाकीचे हसले. ताई मात्र म्हणाल्या, “कर.”

मधू जमिनीवर मांडी घालून बसली आणि तिने करडा पडदा उघडला. तो रिकामाच. तिने एक तार ओढली. सपाट सूर निघाला आणि सभागृहाच्या मोठ्या स्पीकरमधून तो डासासारखा नाही, लांबून येणाऱ्या भोंग्यासारखा वाटला. मुलं एकमेकांकडे बघू लागली. तिने दुसरा सूर जोडला. पाळणा हलला, भराभर. मग ती हळूहळू बटण फिरवू लागली.

झोके लांबत गेले. पायाखालची फरशी किंचित थरथरत होती. मघाशी चहाचं बोलणारी ती मुलगी नकळत झोक्याबरोबर श्वास घ्यायला लागली होती, मग तिचा खांदा, मग हात. तिच्या शेजारचा मुलगा उठून उभा राहिला. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं.

झोका आणखी मंदावला. घरी ती जिथे थांबायची तिथे आता ती येत होती, मला ते कळत होतं. पण तिचा हात तिथे थांबला नाही. ती पुढे गेली आणि पाळणा थांबला. दोन्ही सूर एकमेकांत मिसळून एकच झाले, काठोकाठ. चुकलंच होतं तिचं. मागे वळून तिने माझ्याकडे पाहिलं, घाबरून.

मला मात्र आयुष्यात पहिल्यांदाच तो थांबलेला सूर चांगला की वाईट ते ठरवता येईना. नाचणारे सगळे जिथल्या तिथे उभे होते. कुणाचं बोटही हलत नव्हतं.

मधूने बटण मागे घेतलं नाही. तशीच पुढे गेली, सुराच्या पलीकडे. आणि पाळणा पुन्हा हलायला लागला, आधी इतका हळू की हलतोय हे कळू नये, मग वाढत वाढत. मुलं उलट्या दिशेने वळली.

तिने आवाज बंद केला तेव्हा शर्मिष्ठाताई भिंतीपासून निघून सभागृहाच्या मध्यावर आलेल्या होत्या.

“मधे ते थांबलं ते काय होतं?” त्यांनी विचारलं.

“चुकून झालं. मी थोडं जास्तच—”

“खाडीत असंच होतं. भरती संपते आणि ओहोटी सुरू व्हायची असते, तेव्हा पाणी उभं राहतं. होड्यासुद्धा वळत नाहीत. माझा बाबा मला दाखवायचा.” त्यांनी मुलांकडे हात केला. “हे मुलांना गेला महिनाभर सांगून समजत नव्हतं. पुन्हा कर.”

“पण ताई, अगदी तसंच नाही होणार. हे सेव्ह होत नाही. म्हणजे विकत घेतलं की होईल, पण—”

“तसंच कोण मागतंय?”

“मग रेकॉर्डिंग कसं देऊ?”

“देऊ नकोस. तू बस. मंचावर, ह्यांच्या शेजारी, दिसशील अशी. हे कसा श्वास घेतात ते बघून फिरव. रोज तालमीला यावं लागेल मात्र.”

मधूने कधी कुणाच्या समोर बसून वाजवलेलं नव्हतं. मागच्या खोलीतून तिचं संगीत बाहेर जायचं, ती नाही. ती माझ्याकडे बघत होती. हे तिचं तिनेच ठरवायचं होतं.

“रोज किती वाजता?” तिने शर्मिष्ठाताईंना विचारलं.

चहाचा विषय निघालाच नाही. मुलं पुन्हा जागा घेऊ लागली. मधू जमिनीवरून म्हणाली, “आजी, तू रिक्षाने जाशील का? मला वेळ लागेल.”

“जाते की.”

“आणि आज कणीक मी मळणार होते—”

“कणकेचं मी बघेन. तू तुझं बघ.”

मी सभागृहाबाहेर आले. जिन्याचा कठडा धरून उतरत होते तोवर आत पहिला सूर लागला, मग दुसरा. पाळणा हलला आणि लांबत चालला. या वेळी ती कुठवर जाते, सुरावर किती वेळ उभी राहते, ते ऐकायला मी जिन्याच्या मधल्या वळणावर थांबले.